पंजाबराव मापारी आणि हजार दिवसांचा दगड

बोरी अरबच्या कापूस खरेदी केंद्रावर एकतीस वर्षं मापारीपण केलेल्या पंजाबरावांना एकाच गोष्टीचा तोरा होता. त्यांच्या काट्याकडे कधी कोणी बोट दाखवलं नव्हतं. माणूस तसा तिरसट, पण तोलाला पक्का. पुढे कापसाच्या गाड्या येईनाशा झाल्या, केंद्राला कुलूप लागलं. गंजत पडलेली वीस-वीस किलोची पाच वजनं पंजाबरावांनी रीतसर चिठ्ठी घेऊन दारव्ह्याच्या कॉलेजात पोचवली आणि वजनांच्या मागोमाग स्वतःही तिथल्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर लागले.

वजनं हवी होती फिजिक्स शिकवणाऱ्या रजनी मॅडमना. कॉलेजात शिकत असताना त्या भूकंप झालेल्या गावात मदतीला गेल्या होत्या, आणि येताना एक प्रश्न डोक्यात घेऊन आल्या होत्या. जमिनीच्या पोटातल्या भेगेच्या दोन कडा वर्षानुवर्षं एकमेकींना धरून बसतात, एक दिवस सुटतात, आणि पुन्हा धरतात. हे धरणं वाढतं कसं? त्यासाठी त्यांनी मागच्या खोलीत एकावर एक दोन काळे दगड ठेवले. मध्ये दगडाचीच भुकटी, वर पंजाबरावांची वजनं, आणि बाजूने वरचा दगड ओढायला स्प्रिंगचा काटा. दगड एकदा सरकला की त्याची पकड ढिली पडे; नुसता थांबू दिला की आपोआप वाढे. एक दिवस थांबवून ओढला तर बासष्ट किलोला सुटला. दहा दिवसांनी त्रेसष्टला, शंभर दिवसांनी चौसष्टला.

"दहापट थांबलं की एक किलो वाढतो, काका," मॅडम म्हणाल्या. "आता हजार दिवस थांबवू. पासष्ट यायला हवा."

दगड ठेवला, आणि दोनच महिन्यांत मॅडमना हैदराबादला नोकरी लागली. जाताना त्यांनी सूचनांचा कागद भिंतीवर चिकटवला. "हजाराव्या दिवशी मी येते," त्या म्हणाल्या, "तोवर हे तुमच्या भरवशावर."

पंजाबरावांना एवढं पुरेसं होतं. बायको कांताबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, लेक सासरी, घरात बोलायला भिंती. रविवारीसुद्धा ते भाड्याच्या जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन दारव्ह्याला येत, वहीत दिवसाचा आकडा आणि खोलीतलं तापमान टिपत, आणि दगडासमोर बसून डबा खात. घरीही एकट्यानंच खायचं, मग इथे निदान समोर काहीतरी मॅडमचं होतं.

सहाशे चाळिसाव्या दिवशी बाजारात वजनांवर शिक्के मारणारे सरकारी लोक आले. पंजाबरावांनी ताडकन उठून वजनं पाहिली. शिक्क्याची मुदत संपत आली होती. शिक्का नसलेल्या वजनावर त्यांनी आयुष्यात छटाकभर कापूस तोलला नव्हता, मग मॅडमचा प्रयोग तसल्या वजनावर कसा चालू द्यायचा? त्यांनी एकेक वजन उतरवलं. शेवटचं उचलताना वरचा दगड करकरला आणि नखभर सरकला. त्यांनी तो ढकलून खडूच्या खुणेवर परत बसवला, वजनं हातगाडीवर नेली, ताजे शिक्के मारून आणली आणि समाधानाने होती तशी रचून ठेवली.

मग नजर भिंतीवरच्या कागदाच्या शेवटच्या ओळीवर गेली. 'दगड नखभर सरकला तरी मोजणी पुन्हा एकपासून.'

त्यांनी लगेच टेलिफोन बूथ गाठला.

"काका! सगळं ठीक ना?" मॅडमचा आवाज आला. "हजाराव्या दिवसाच्या रजेचं मी आत्तापासूनच बोलून ठेवलंय हं. काही बिघडलं असेल तर आत्ताच सांगा, मग यायची धावपळ नको."

पंजाबराव म्हणाले, "काई नाई बिघडलं. दगड जागच्या जागी हाये."

काट्यावर कधी खोटं न बोललेला माणूस फोनवर खोटं बोलला. पुढचे तीनशे साठ दिवस ते वहीत सहाशे एकेचाळीस, सहाशे बेचाळीस असेच आकडे मांडत राहिले.

हजाराव्या दिवशी मॅडम खरंच आल्या. पंजाबरावांनी खोली झाडून दुसरी खुर्ची आणून ठेवली होती. मॅडमनी काटा हळूहळू ताणला. दगड सुटला तो साडेचौसष्टच्या जरा वर. पासष्ट नाही. त्यांनी आलेखाची जुनी सरळ रेघ पाहिली, आणि चेहरा उतरला.

"म्हणजे माझं सगळं गणितच चुकलं," त्या म्हणाल्या आणि ती रेघ खोडायला पेन उचललं.

"थांबा मॅडम," पंजाबराव म्हणाले. "गणित नाई चुकलं. मी चुकलो. वजनं शिक्का माराले नेलती. दगड सरकला होता. हे हजार नाईत, तीनशे साठच हायेत."

मॅडमनी तीनशे साठावर टिंब दिलं. ते नेमकं रेघेवर बसलं.

"काका, मग फोनवर काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तर तुमी आल्या नसत्या."

मॅडमनी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकर मागून घेतली आणि दोघं दगडासमोर बसून जेवली. जाताना म्हणाल्या, "हजाराचं आता राहू द्या, काका. एवढ्यानं रेघ सिद्ध झाली. माझं काम भागलं."

पंजाबरावांनी मान डोलावली. तीनच्या बसपर्यंत सोबत गेले, बस वळली तरी उभे राहिले. मग परत येऊन भुकटी सारखी केली, दगड खुणेवर बसवला, पाचही वजनं रचली आणि वहीच्या कोऱ्या पानावर लिहिलं, 'दिवस पहिला.'

दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं: 'मॅडम, फिरून मोजून राह्यलो. या बारीनं शिक्का माराले नेणार नाई. खरे हजार भरतीन. तुमी या.'