घाटावरचं मापटं

धाकटी जाऊ घाटावरची. मावळातून आगगाडीनं कर्जतला उतरली आणि तिथून बैलगाडीनं खालापुराजवळ आमच्या गावी आली. लुगड्यांच्या बोचक्यात तिनं माहेरचं धान्य मोजायचं पितळी मापटंही आणलं होतं. आमच्या घरी लाकडी मापटं होतं, सासूबाईंच्याही आधीपासूनचं. दोन्ही चुलीशेजारच्या फळीवर राहू लागली, पण ती कधी आमच्या मापट्याला हात लावायची नाही. मला ते पहिल्या दिवसापासून खुपलं.

तोवर घरात स्वयंपाक म्हटला की माझं नाव निघायचं. तांदळाची भाकरी माझ्यासारखी वाडीत कुणाची फुगत नव्हती. गव्हाचं आमच्याकडे फारसं नव्हतं. पुरणपोळी शिमग्याला एकदा व्हायची, जाडच, आणि तीही सगळे आनंदानं खायचे. मग जावेनं केली. पातळ, कडेपर्यंत पुरण, एकही फाटलेली नाही. सासरे एरवी मान खाली घालून जेवून उठणारे. त्या दिवशी ते तोंड भरून म्हणाले, "हिच्या हाताला चव हाय." सासूबाईंनी मान डोलावली. मी वाढत होते. तुपाची वाटी माझ्या हातात होती, ती मी कुणाच्या पानापुढे ठेवली ते मला आठवत नाही.

पुढच्या सणाला ती बाळंतपणासाठी माहेरी जायची होती. मी तिला विचारून ठेवलं, "पुरणाचं माप काय गं तुजं?"

"मापटंभर डाळीला रत्तलभर गूळ, आक्का," ती लगेच म्हणाली. "दुसरं काय बी न्हाई त्यात."

सणाच्या दिवशी मी आमच्या मापट्यानं चण्याची डाळ मोजली आणि चौक गावच्या वाण्याकडून रत्तलाच्या वजनावर तोलून आणलेला गूळ घातला. पुरण सैल झालं. कितीही आटवलं तरी उलथणं त्यात उभं राहीना. पोळ्या तव्यावर फाटल्या, गूळ जळाला, घरभर करपट वास. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं, पोरांना वाटीत घालून दे." पोरांनी चाटूनपुसून खाल्लं. माझ्या मनात एकच, हिनं मला मुद्दाम खोटं माप सांगितलं.

ती बाळ घेऊन परत आली तरी मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. एका दुपारी ती बाळाजवळ झोपली असताना मी तिचं पितळी मापटं खाली काढलं. कोळवं म्हणजे लहान माप, आमच्याकडे चार कोळव्यांचं एक मापटं. मी आमच्या कोळव्यानं तांदूळ भरून तिच्या मापट्यात ओतत गेले. चार ओतली तरी ते भरेना. पाचव्याला काठोकाठ भरलं. रिकामं करून पुन्हा मोजलं, तरी पाचच.

गूळ रत्तलावर तोलायचा, आणि रत्तल घाटावर काय, घाटाखाली काय, एकच. डाळ मात्र मापायची, आणि तिचं मापटं आमच्यापेक्षा एका कोळव्यानं मोठं. म्हणजे माझ्या पुरणात डाळ कमी पडली होती, गूळ पुरता होता. ती खरं बोलली होती. ते कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच जळफळाट झाला. खोटारडी म्हणून तिच्यावर रागवायची सोयसुद्धा तिनं ठेवली नव्हती.

मग एकदा मी आमचं मापटं भरून डाळ घेऊन वर एक कोळवं घातलं आणि पुरण शिजवलं. पोळ्या अगदी तिच्यासारख्या झाल्या. सासूबाई खाऊन म्हणाल्या, "धाकटीनं शिकवलं वाटतं!"

पुढे लोधिवलीला नणंदेच्या मुलीचा साखरपुडा ठरला. नणंदेनं निरोप धाडला की पुरण धाकट्या वैनीनंच करायचं. निघायच्या गडबडीत जावेचं मापटं घरीच राहिलं. नणंदेनं तिच्यापुढे आपलं मापटं ठेवलं, आमच्यासारखंच लाकडी, आणि गूळ तोलून ठेवला होता. जाऊ डाळ मोजू लागली.

मी पोळ्यांची कणीक मळत होते. मला दिसत होतं काय होणार ते. अंगणात वराकडची माणसं येऊन बसली होती. होऊ दे सैल, फाटू देत पोळ्या, एकदा तरी. मी खरंच तसं मनात म्हटलं. पण मग वाटलं, फाटल्या तर लोक म्हणतील, पोर घाबरली बिचारी, परकं घर. तिलाच जवळ घेतील. आणि मला काय ठाऊक आहे ते कुणाला कधीच कळणार नाही.

"थांब गं," मी म्हणाले. "ह्यात चारच कोळवी मावतात. तुज्या मापट्यात पाच. दर चार मापट्यांमागं आणिक एक मापटं घाल, नायतर गूळ जास्ती होईल."

तिचा हात थांबला. "तुमी माजं मापटं कवा मोजलं, आक्का?"

नणंद माझ्याकडे बघत होती. "मोजलं," मी म्हटलं. "तू झोपली व्हतीस तवा."

तिनं मनाशी हिशोब केला, डाळ वाढवली आणि शिजत लावली. पुरण घट्ट, मऊ झालं. वराची आजी जेवून चुलीपाशी आली, "पोळ्या कुणी केल्या गं?" नणंदेनं जावेला पुढे केलं. जाऊ म्हणाली, "माप आक्कांनी सांगितलं." आजीनं ते ऐकलं न ऐकलं. तिच्याच गालावरून हात फिरवला.

परतताना गाडीत जाऊ माझ्या शेजारी बसली. चौक मागे पडल्यावर हळूच म्हणाली, "माज्या आईच्या अनारशाचं माप बी काढून द्याल का आपल्या मापट्याचं? मला ते जमंना झालंय हितं."

मी काढून दिलं. नंतर तिळगुळाचं, मग लोणच्याच्या मिठाचं. घाटावरून वाडीत आलेल्या दुसऱ्या सुनाही मापं विचारायला माझ्याकडे येऊ लागल्या, आणि मला ते आवडायचं. पण आल्या की त्या आधी विचारायच्या, "धाकट्या बाई हायेत का घरात?" तो प्रश्न मला अगदी म्हातारपणापर्यंत खुपत राहिला.