नदीच्या झाडांपाशी थांबलेली काहील

पोरी, जराशी जवळ सरक अन् तो मोबाइल ठेव बाजूले. ही चिठ्ठी वाचतानी तरी माह्यापाशी बसल्यावानी बस. काय व, शांत पाणी पाहिजे म्हणून तू पुण्याहून घाट उतरून जातेस, गाडीच्या टपावर ती लांबुडकी नाव, तुही कायाक, बांधून कुठं कुठं हिंडतेस, अन् आपल्या घराजवळच्या पाण्याचं कधी एका शब्दानं विचारलं नाही? शांत पाणी हुडकणारी आपल्या घरात तू पहिली नाहीस. तुह्या आबांनी मोताळ्याकडच्या धरणावर असंच पाणी हुडकलं होतं. माह्यासाठी.

महाराष्ट्र नवानवा झाला होता, अन् धरण त्याच्या मागून भरलं. माहं माहेर नदीपल्याड. आधी कसं, तव्यावरची भाकर फडक्यात बांधून निघालं की ती निवायच्या आत मायच्या दारात. धरण भरलं अन् ती वाटच पाण्याखाली गेली.

तुहा बाप पोटात होता तवा निरोप आला. माय अंथरुणाले खिळली, पोरीले पाहू म्हणते. मी पिशवी भरली, तं सासूबाई दारात उभ्या. आपल्याकडं दोन जिवाची बाई नदी ओलांडत नाही. नावेनं नाही, पुलावरूनही नाही. सासूबाईचं पहिलं लेकरू तसंच गेलं होतं, नदी ओलांडून आल्यावर. त्यांच्याशी मी काय भांडू?

आबा म्हणले, "माय, आता नदी कुठं हाय तिथं? धरण हाय. सरकारचं पाणी."

"पाणी सरकारचं असन बाबू. खाली नदी तीच हाय. ते का सरकारनं गुंडाळून नेली?"

आम्ही दोघं हसलो. त्या हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून आपणहून म्हणल्या, "झाडापर्यंत ने तिले. पुढं नाही. माही आण हाय."

झाडं म्हणजे जुन्या नदीच्या आपल्या काठचे उंबर अन् करंज. बुडाले, वाळले, पण शेंडे पाण्यावर ओळीनं उभे होते. खाली नदी कुठून जाते ते गावातल्या साऱ्याइले त्या शेंड्यांवरून समजत होतं.

आता नाव कुठली? गूळ काढायची काहील होती. लोखंडाची, गोल, सपाट बुडाची. तिच्यात बसता येते, पण जरासा वारा लागला की भिंगरीवानी फिरते. म्हणून आबा वावरातून आले की काठाकाठानं शांत पाणी पाहत हिंडत. ज्वारीचं वाळलं पान पाण्यावर ठेवायचं अन् पाहत बसायचं. पान सरकलं की पुढची जागा.

एक जण ओरडला, "काऊन बे, पान लावून मासे धरून राह्यला का?"

"नाही बे, बायकोले फिरवाले जागा पाहून राह्यलो!"

सारं गाव हसलं. मले मात्र रोज वाटे, आज तरी पान थांबो. तिकडं माय वाट पाहत होती.

शेवटी टेकाडामागं एक खोबण सापडली. वारा तिथं येतच नव्हता. परातीत भरून ठेवल्यासारखं पाणी. पल्याड भावाले निरोप धाडला, मायले समोरच्या काठावर घेऊन ये.

सकाळी काहिलीत घोंगडी टाकून मी मधोमध बसली. आबा फळीनं पाणी मागं लोटत, एकदा इकडून, एकदा तिकडून, तसंच जसं तू लोटतेस. झाडांपाशी त्यांनी एक वाळली फांदी धरली. समोरच्या काठावर भावानं मायले बैलगाडीतून आणून बाजेवर टेकवलं होतं. मी तं ओळखलीच नाही. एवढीशी झाली होती. पाणी इतकं शांत की तिचा खोकला आमच्यापर्यंत येत होता.

"जरासं पुढं न्या ना," मी म्हणली.

आबांनी माह्याकडं पाह्यलं, अन् फांदी सोडली. काहील सरकली. तशी माय बाजेवर अर्धी उठली.

भाऊ ओरडला, "माय म्हणते पुढं येऊ नको! तिथंच थांब!"

"माय, आली व मी!"

"लेकराची आण घालून राह्यली माय!"

आबांनी पुन्हा फांदी धरली. मायनं तिकडूनच दोन्ही हात माह्याकडं पसरले अन् आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मग भावाले काही सांगितलं. तो ओरडला, "विचारते, काय खावंसं वाटते?"

"चिंच!"

माय हसली. हसता हसता तिले खोकला आला, तो थांबेना. ऊन चढलं, वारा सुटायच्या आत आम्हाले फिरावं लागलं. माय दिसेनाशी होईपर्यंत मी मान वळवूनच बसली होती.

होळीच्या आधीच ती गेली. तवाही मले जाता आलं नाही. टेकाडावरून पल्याडचा धूर पाह्यला. सासूबाई सोबत आल्या होत्या. माहा हात धरून उभ्या राह्यल्या.

तुहा बाप झाला, अन् मग त्याच काहिलीतून आम्ही पल्याड गेलो. शेंड्यांच्या ओळीतून जातानी मी वाकून खाली पाह्यलं. इकडलं पाणी जसं, तिकडलंही तसंच. नदी कुठंच दिसली नाही मले. माहेरी बाज भिंतीले उभी टेकवून ठेवली होती. लेकरू मी कोणाच्या मांडीवर देऊ?

तू म्हणतेस, आजी, सुट्टी भेटली की येते. बाई, सुट्टी कोणाले आपणहून भेटते? आता मी धडधाकट आहे, चालते-फिरते, तुह्याशी पोटभर बोलीन. आजी पडली असा निरोप आल्यावर धावत येऊ नको. ये तू, येत्या ऐतवारीच ये.