खजूर नाकारण्याची कला

ओमानमधल्या रुसैलच्या कारखान्यातून आम्हाला घरी सोडणारी बस एक ओमानी ड्रायव्हर चालवायचा. त्या वर्षी त्याचा रमजान आणि आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ एकत्र आले. मी गोड सोडलं होतं. बांग झाली की तो बस कडेला घ्यायचा, एक खजूर तोंडात टाकायचा आणि डबा सगळ्यांसाठी सीटशेजारी उघडा ठेवायचा. मी मुद्दाम पुढे जाऊन, छातीवर हात ठेवून, संतासारख्या चेहऱ्यानं नको म्हणायचो.

एकदा तो हसला. "रोज 'नहीं' बोलता, बहुत अच्छा. लेकिन 'नहीं' बोलने को रोज आगे आता है!"

दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या सीटवर बसू लागलो. तिथं गोडाशिवाय राहणं भलतंच जड गेलं. बघायला कोणीच नव्हतं.