आप्पांची कळ थांबली

१. मागच्या महिन्यात सोमाटण्याला घरी तांदळाचं पोतं ओढताना आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कमरेत कळ आली. ती डाव्या पायात पार पोटरीपर्यंत उतरली.
२. एमआरआय झाला. मणक्यांमधली गादी फाटून आतला गर बाहेर आलाय, नसेवर दाब आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वाकायला आणि वजन उचलायला मनाई केली.
३. मी ड्यूटीवर असताना आत्या त्यांना परंदवडीला गादी 'बसवणाऱ्या' माणसाकडे घेऊन गेली. त्याने कमरेवर गुडघा टेकवून झटका दिला.
४. काही दिवसांनी कळ थांबली.

आत्या पेढे घेऊन आली. "गादी सरकलीती, बसली. तुझं शिक्षण मशीनचं गं बाई, मान्साचं न्हाई."

घोळ त्या 'सरकली' शब्दाचा आहे. सरकलेली वस्तू परत जागेवर ढकलता येते, असं कोणालाही वाटेल. मी कंपनीत पंपांचे सील तपासते... फाटलेल्या सीलमधून आलेलं ग्रीस दाबून आत जात नाही, असं आप्पांना सांगून पाहिलं.

"मी काय पंप हाय व्हय?" म्हणाले. मलाही हसू आलं.

शनिवारी ते अंगणातून घरात आले. डावी चप्पल बाहेरच राहिली होती... आणि त्यांना ते कळलंच नव्हतं. मी त्यांना भिंतीला धरून टाचांवर उभं राहायला सांगितलं. उजवा पंजा वर आला. डावा आला नाही.

डॉक्टर म्हणाले, कळ गेली ती नस बरी झाली म्हणून नाही, ती निकामी होत चालली म्हणून. ऑपरेशन लवकर करायला हवं. तरीही पंजात पूर्ण ताकद परत येईल याची खात्री नाही... उशीर केला तर आशा आणखी कमी.

आप्पांचं म्हणणं एकच. "दुखत न्हाई, मग कापायचं कशापायी? मनक्याला हात लावला की मानूस खाटंवरच."

माझं ते ऐकणार नाहीत. मी घाबरलेय हे त्यांना दिसतं, आणि घाबरलेल्या मुलीचं कोण ऐकतं?

डॉक्टरांना शुक्रवारी सकाळी उत्तर द्यायचंय. तळेगाव, कामशेत, लोणावळा भागात कोणाचं हे ऑपरेशन झालं असेल आणि आप्पांशी फोनवर पाच मिनिटं बोलायची तयारी असेल, तर मला मेसेज करा. अनुभव वाईट असेल तरी मला लिहा, मला खरं कळायला हवंय. गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवा.