जीपच्या पोटातून निघालेली गॅसकेट

माझ्या नवऱ्याचं नाव मसाजी. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत न्हाई, पण कोणाबद्दल सांगून राहिले ते तुमाला कळायला पाहिजे म्हणून एकदा घेतलं. आता पुढं 'हे'च म्हणणार.

डोंगरकड्याजवळ आमची पाच एकर जमीन हाय, आन घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मेंढरंवाल्याला एक सवय असती, आपल्या जित्राबाच्या कानावर खूण करायची. आमच्या घराची खूण म्हणजे अर्धा चांद आन बाजूला एक चीर. दोन कळप मिसळले तरी कान बघितला की मेंढरू कोणाचं ते बराबर कळतं. ह्यांनी ती सवय मेंढरापाशी ठेवली न्हाई. घमेल्याला खूण, फवारणीच्या पंपाला खूण, मोटारीच्या पाइपाला खूण. माझ्या माहेरच्या परातीच्या काठाला बी कानसनं घासून अर्धा चांद काढला, तवा मी म्हणलं, "आता माझाच कान तेवढा राह्यला." हे म्हणाले, "तू कुठं दुसऱ्याच्या कळपात जातीस." एवढं बोलले म्हणजे त्या दिवसाचं बोलणं संपलं. असा माणूस.

सहा वर्षांमागं ह्यांनी एक जुनी जीप घेतली. बकरे बाळापूरच्या बाजाराला न्यायचे, येताना सरकीची ढेप आणायची, गावात कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं की न्यायचं. ती जीप पाहून दिली सोमेश्वरनं. आखाडा बाळापूरला रोडवर त्याचं गॅरेज हाय. तो माझ्या माहेरच्या गावचा. मला सख्खा भाऊ न्हाई, म्हणून लग्नाच्या दुसऱ्या सालापासून मी सोमेश्वरला राखी बांधायचे, दिवाळीला ओवाळायचे. तो मला अक्का म्हणायचा, ह्यांना दाजी. माझ्या पोराला, हनुमानला, खांद्यावर घेऊन त्यानं बाजार दाखवला.

ह्यांचा त्याच्यावर भरोसा असा की जीप गॅरेजला लावायची, चावी टाकायची आन चहाला जायचं. बाकीचे लोक इंजिनातून काढलेला जुना पार्ट मागून घेतात. नवीन खरंच टाकला का न्हाई ते त्यावरून कळतं. ह्यांनी कधी मागितला न्हाई. म्हणायचे, "मेव्हण्याला जुना पार्ट मागायचा म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं." आमच्याकडं सोयऱ्याच्या बाबतीत असंच चालतं. आमी त्यालाच माणुसकी म्हणत व्हतो.

दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात जीप पाणी प्यायला लागली. सकाळी रेडिएटर भरावा, दुपारी रिकामा. मागून पांढरा धूर. सोमेश्वर म्हणाला, हेडची गॅसकेट गेली. इंजिनाचं खालचं धूड आन वरचं हेड, या दोघांच्या मधात एक पातळ पत्रा असतो, ती गॅसकेट. ती पाणी, तेल आन आतली आग एकमेकांत मिसळू देत न्हाई. त्यानं चार दिवस जीप ठेवून घेतली आन परत देताना म्हणाला, "नवीन टाकली, दाजी. आता पाच वर्षं बघायचं काम न्हाई."

त्याच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या सासूच्या, भिकाबाईंच्या, छातीत दुखायला लागलं. हे मेंढरं घेऊन लांब रानात व्हते. हनुमान तवा वीस वर्षांचा. त्यानं आजीला उचलून जीपमधी घातलं, मी मागं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले आन नांदेडचा रस्ता धरला. अर्ध्या वाटेत बोनटातून वाफ निघाली, इंजिन आवळल्यासारखं झालं आन बंद पडलं. पोरगं भर रस्त्यात आडवं उभं राहून गाड्या थांबवत व्हतं. एक गाडी थांबली तवर पाऊण तास झाला व्हता, आन सासूबाई माझ्या मांडीवरच गेल्या.

दहाव्याला ओढ्याला पाणी न्हवतं, म्हणून केस काढायला न्हाव्याला आमच्या दारातच बसवलं. भावकी जमलेली. सोमेश्वर बी आला व्हता, जीप आदल्या दिवशी पाहून गेला व्हता. कोणीतरी विचारलं, नवीन गॅसकेट असून गाडी काहून गरम झाली. सोमेश्वर हलक्या आवाजात म्हणाला, "भाच्यानं पाणी न्हाई पाह्यलं, दाजी. पोरगं हाय, घाईत ऱ्हायलं असंल. जाऊ द्या." हनुमान म्हणाला, "मी पाह्यलं व्हतं, बाबा." ह्यांनी त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. पोरगं न्हाव्यासमोर बसायला लागलं तसं हे म्हणाले, "याचं डोकं करू नका. यानं माझी माय मारली."

नातवाला सुतकातून उठवून लावलं, साऱ्या भावकीसमोर. त्या सांजेला हनुमान घर सोडून गेला. पुण्याकडं एका कंपनीत लागला. माझा फोन महिन्यातून एखाद्या वेळी उचलायचा, दोन शब्द बोलायचा. बापाचं नाव काढलं की ठेवून द्यायचा.

रस्त्यावरून ओढून आणलेली जीप तशीच निंबाखाली उभी ऱ्हायली. सोमेश्वर आला की म्हणायचा, "हेड तडकलंय दाजी, खोलून उपयोग न्हाई. भंगारात द्या, मीच टेम्पो आणतो." तीनदा म्हणाला. मला वाटायचं किती काळजी करतो माझा भाऊ. एवढी खुळी मी.

औंदा पोळा झाला आन एक दिवस ह्यांनी गाडी खोलायचे पाने काढले. मी म्हणलं, "काय करून राहिलात?" हे म्हणाले, "मेलेलं मेंढरू बी आपण फाडून बघतो, कशानं मेलं ते. भंगारात द्यायच्या आधी तडा कुठं हाय ते बघू दे." मोबाईलवर एक हिंदी बोलणारा बाबा इंजिन खोलून दाखवतो, त्याचं चार-चार वेळा बघितलं. मंग बॅटरीची वायर काढली, रेडिएटरचं पाणी सोडलं, पाइप, डिझेलच्या नळ्या, एकेक करून बाजूला. मी पुठ्ठ्याला भोकं पाडून खडूनं नंबर टाकले आन हे जो बोल्ट देतील तो त्याच नंबराच्या भोकात खोचला. आतल्या लांब सळया बी तशाच. ज्या जागेची सळई त्याच जागी परत गेली पाहिजे, असं तो बाबा सांगत व्हता. बायकांना यातलं काय कळतं, असं भावकीतला एक जण येऊन म्हणाला. त्याला मी म्हणलं, "तुमाला कळत असंल तर धरा हा पाना." तो गेला.

दुसऱ्या दिवशी हेड सुटलं. निंबाच्या फांदीला दोर बांधून आमी दोघांनी ते वर घेतलं. खाली गॅसकेट. वर चांदीसारखा रंग फासलेला. ह्यांनी ती सुरीनं मोकळी केली, मी डिझेलच्या बोळ्यानं पुसायला घेतली. रंग निघाला तसा एका कोपऱ्याला अर्धा चांद दिसला. बाजूला चीर.

त्याचं असं झालतं. जीप घेतली त्याच साली एकदा गॅसकेट गेली व्हती. तवा हे सोताच नांदेडहून नवीन घेऊन आले व्हते आन सोमेश्वरच्या हातात द्यायच्या आधी सवयीनं पत्र्याच्या कात्रीनं कोपऱ्याला खूण केली व्हती. सोमेश्वर हसला व्हता, "हिला कोण चोरून नेतंय, दाजी." तीच ही. म्हणजे दोन वर्षांमागं त्यानं नवीन टाकलीच न्हाई. जळालेल्या जागी रंग फासून जुनीच परत बसवली.

हे खाली बसले. मी बोलले, शिव्या दिल्या, जेवढ्या येतात तेवढ्या दिल्या. वीस वर्षं ज्याला ओवाळलं त्यानं माझ्याच घरात बसून, माझ्या हातचा चहा पिऊन, माझ्या पोराचा घात केला.

दुसऱ्या दिवशी आमी दोघं एसटीनं बाळापूरला गेलो. हे कधी मला संग नेत न्हाईत, त्या दिवशी नेलं. सोमेश्वर स्टुलावर बसून चहा घेत व्हता. ह्यांनी गॅसकेट त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं कोपरा बघितला आन चहा खाली ठेवला.

"लगीनसराई व्हती, दाजी," तो म्हणाला. "माल येत न्हवता. म्हणलं महिना-दोन महिने चालंल, तवर नवीन टाकू. भिकाबाई मावशीचं असं व्हईल हे मला सपनात बी न्हवतं."

मी म्हणलं, "आन दहाव्याला?"

"तवा भ्यालो, अक्का. लोकांनी मला फाडून खाल्लं असतं."

"म्हणून माझं पोरगं पुढं केलंस."

तो ह्यांच्या पायाकडं वाकायला लागला. हे मागं सरले. म्हणाले, "मला दाजी म्हणू नको." आन गॅसकेट उचलून चालायला लागले.

मंग ह्यांनी हेड नांदेडला नेलं. लेथवाल्यानं त्यावर सरळ पट्टी ठेवून बघितलं. जरासं वाकलं व्हतं, तडा कुठंच न्हवता. चार दिवसांनी घासून सपाट करून दिलं. तडकलेलं बी खोटंच. हे नवीन गॅसकेट घेऊन आले, या खेपेला खूण केली न्हाई. ट्रॅक्टरवाल्या पुनमचंदचा मापाचा पाना, बोल्ट किती जोरानं आवळला ते दाखवणारा, मागून आणला. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूनं आवळत जायचे, ते बी एकदम न्हाई, तीन फेऱ्यांत. मी नंबर सांगायचे, हे आवळायचे. हेड आणल्याच्या चौथ्या दिवशी जीप पहिल्या सेल्फला सुरू झाली. तासभर चालू ठेवली. रेडिएटरमधी बुडबुडा न्हाई, धूर न्हाई.

मी म्हणलं, आता पोराला फोन लावा. हे म्हणाले, "जरा पक्कं व्हऊ दे." दुसऱ्या दिवशी तेलाची काडी काढून बघितली, तेल स्वच्छ. तरी म्हणाले, नांदेडला एक चक्कर मारून येतो. मी लई बोलले. खूण सापडून अकरा दिवस झाले व्हते. बापाला पोरगं निर्दोष हाय हे कळून अकरा दिवस, आन बाप अजून पाण्याची पातळी बघून राहिला व्हता. मी सोता फोन केला असता. पण ते बापानंच सांगावं, असं मी म्हणत राहिले.

नांदेडहून परत आले त्या दुपारी ह्यांनी फोन लावला. माझ्या फोनवरून, म्हंजे तो उचलंल. स्पीकर लावून बाजंवर ठेवला. हे म्हणाले, "हनुमान, मी बोलतो." त्यानं फोन ठेवला न्हाई. ह्यांनी सारं सांगितलं, रंग, कोपरा, सोमेश्वर. ह्यांना एवढं सलग बोलताना मी कधी ऐकलं न्हवतं. शेवटाला म्हणाले, "तुझी चूक न्हवती, बाबा. माझी व्हती. घरी ये."

हनुमान म्हणाला, "मला ठावं व्हतं माझी चूक न्हवती. तुमाला पत्रा सापडला म्हणून तुमी फोन केला. सापडला नसता तर?"

मला राहवलं न्हाई. मी पुढं झाले, म्हणलं, "लेकरा, तुझ्या बापाला आता तरी माफ कर. त्यांना काय ठावं व्हतं, ते तर रानात व्हते."

"व्हय," हनुमान म्हणाला. "ते रानात व्हते. तू कुठं व्हतीस, माय? आजीला गाडीत घालायच्या आधी मी बोनट उघडलं. पाण्याची कळशी कोणी आणून दिली मला?"

आता सांगते, इथवर न्हाई सांगितलं. मी दिली. बोरवर भरून मीच आणली. माझ्या डोळ्यादेखत त्यानं रेडिएटर काठोकाठ भरला आन झाकण आवळलं. आन दहाव्याला सोमेश्वर बोलला तवा मी उंबऱ्यात उभी व्हते. एवढ्या लोकांत भावाला खोटं कसं पाडायचं, म्हणून पदर तोंडाला लावून गप बसले. उद्या सांगीन म्हणलं. मंग परवा. मंग पोरगं गेलं, आन सांगितलं असतं तर ह्यांनी मला विचारलं असतं की तवाच काहून बोलली न्हाईस.

"माय, ऐकून राहिलीस ना?"

"मीच दिली व्हती," मी म्हणलं.

फोन चालूच व्हता. हे बाजंवरून माझ्याकडं बघून राहिले व्हते. ह्यांना हे आत्ताच कळत व्हतं.