चवथीचा चंद्र दाखवणारे सर

डावा हात ताठ पुढे करायचा, मूठ आवळायची, एक डोळा मिटायचा आणि ती मूठ आभाळावर टेकवायची. आमचे सर दिवसाढवळ्या कुठंही असे उभे राहायचे. दूध केंद्रासमोर, शाळेच्या फाटकात, रॉकेलच्या रांगेत. गिरण्यांचा संप चालू होता तो काळ. वर गेलेली मूठ पाहून रांगेतल्या दोघांनी एकदा मागून "झिंदाबाद" म्हटलं होतं. सर गोंधळून मागे वळले आणि म्हणाले, "अहो, मी चंद्र मोजतोय."

काल याच वेळी तो जिथं होता, तिथून आज मूठभर पूर्वेला सरकलेला असतो, हे ते भेटेल त्याला सांगत. दिवसा कुठला आलाय चंद्र, असं कुणी म्हटलं की बोट वर करून त्या निळ्या आभाळातला पुसट पांढरा तुकडा दाखवत. "आहे तो. आपल्यालाच बघायची सवय नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही दुपारी वर बघताना ते त्यांच्याच आवाजात आठवतं. तुमच्याही आळीत असा एखादा माणूस असेल. आपण त्याला हसतो आणि तो दिसला नाही की विचारतोही.

मुलुंडच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि त्याच शाळेच्या ऑफिसात मी क्लार्क होते. राहायलाही एकाच बिल्डिंगमध्ये. त्यांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. शाळा आणि आभाळ, एवढाच त्यांचा संसार. वर्गात ते टेबलावर दिवा ठेवत आणि मोसंबं फिरवत फिरवत सांगत, की चंद्रावर एकदा उजाडलं की आपले चौदा दिवस ऊनच असतं आणि मावळलं की तेवढेच दिवस काळोख. एका पोरानं विचारलं, मग तिथं एका दिवसाच्या शाळेत किती डबे न्यायचे? सर आठवडाभर हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगत होते.

त्यांचा आणखी एक हट्ट होता. चंद्राची मागची बाजू आपल्याला कधी दिसत नाही म्हणून लोक तिला काळी बाजू म्हणतात, त्याचा त्यांना राग यायचा. तिथंही इथल्याइतकंच ऊन पडतं, आपल्याला दिसत नाही हा तिचा दोष नाही, असं ते तावातावानं सांगायचे. एवढं चिडण्यासारखं त्यात काय आहे, असं मला तेव्हा वाटे.

त्या वर्षी गणेशचतुर्थीला सकाळपासून ढग होते. जेवणंखाणं उरकली आणि साडेपाचच्या सुमारास आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं. मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले, तर सर सात-आठ पोरं गोळा करून उभे. हातात चोरबाजारातून आणलेली दुर्बीण. चवथीचा चंद्र बघायचा नसतो, बघितला तर खोटा आळ येतो, हे आमच्याकडे बोलायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. पोरं घाबरली होती आणि बघायला टपलीही होती. सर म्हणाले, तो सकाळी साडेनऊला उगवलाय, तुम्ही आरत्या म्हणत होता तेव्हाही तुमच्या डोक्यावरच होता. मग त्यांनी दुर्बीण माझ्यापुढे केली.

"बघा वहिनी. ती काठावरची खडबडीत रेघ आहे ना, तिथं आत्ता सकाळ होतेय."

मी बघितलं. खरं सांगते, फार सुंदर दिसत होतं.

खाली आले तर सासूबाई दारातच उभ्या होत्या. पोरांच्या ओरडण्यावरून त्यांना सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या, "चवथीचो चंद्र बघितलो ना गो? आता आळ येतलोच." मी हसून कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

सहामाही परीक्षेचे पेपर मीच सायक्लोस्टाईल करायची. टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायची, ती यंत्रावर चढवायची आणि हँडल फिरवायचं. पहिल्या दहा-बारा प्रती शाईनं बरबटून येतात. त्या आणि ती स्टेन्सिल शाळेमागे नेऊन जाळायची, असा नियम होता. आठवीचा विज्ञानाचा पेपर सरांनीच काढला होता. त्याची स्टेन्सिल कापताना मी सहाव्या प्रश्नालाही पाचाचाच आकडा टाकला. बारा प्रती निघाल्यावर ते लक्षात आलं, तेव्हा करेक्शनचं औषध लावून आकडा बदलला आणि पुढच्या प्रती बरोबर काढल्या. शनिवार होता. नवरा संपामुळे घरी बसून होता आणि त्याच्याशी सकाळीच वाजलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. खराब प्रती टेबलाखालच्या टोपलीत कोंबल्या आणि सोमवारी जाळू म्हणून घरी गेले. सोमवारी टोपली रिकामी होती. झाडणाऱ्यानं कचरा टाकला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

परीक्षेच्या सकाळी एका मुलाच्या कंपासपेटीत हातानं उतरवलेला पेपर सापडला. मग आणखी तिघांकडे. कुणी दिला म्हणून विचारलं तर प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं. पण चारातले तिघे आमच्या बिल्डिंगमधले, सरांबरोबर गच्चीवर जाणारे. एवढं पुरलं.

तो उतरवलेला कागद मुख्याध्यापकांनी माझ्याकडेच फाइलला लावायला दिला. मी वाचला. त्यात पाचाचा आकडा दोन प्रश्नांना होता. सरांच्या हस्तलिखितात तसं नव्हतं, वाटलेल्या पेपरात तसं नव्हतं. ते फक्त माझ्या त्या बारा प्रतींत होतं आणि ही गोष्ट जगात एकट्या मला माहीत होती. मी कागदाला भोक पाडलं आणि तो फाइलला लावला.

दुसऱ्या दिवशी सर ऑफिसात आले. चौकशी कमिटीपुढे जायचं होतं त्यांना.

"वहिनी, खराब प्रती जाळल्या होत्या ना?"

मी "हो" म्हटलं.

"मग झालं. तेवढंच विचारायचं होतं."

आणि त्यांनी कमिटीपुढे स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की ऑफिसकडून काही चूक झालेली नाही, सगळ्या प्रती जाळल्या गेल्यात. मग पेपर फोडायला उरले कोण? ते एकटेच. राजीनामा द्या, नाहीतर पोलिसात देतो, असं त्यांना सांगण्यात आलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी राजीनामा दिला.

माझी नोकरी टेंपररी होती आणि घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. हे कारण आहे, त्याच्याआड मला लपायचं नाही. पण लपले, आणि तेही चंद्राआड. बिल्डिंगमध्ये जो तो म्हणत होता, चवथीचा चंद्र बघितला, दुसरं काय होणार. त्यात दुष्टपणा नव्हता, उलट हळहळच होती. पण चंद्रावर ढकललं की चौकशी संपते. पेपर कसा फुटला हे मग कुणीच विचारलं नाही. चंद्र तर मीही बघितला होता, त्याच दुर्बिणीतून. माझ्यावर कसलाच आळ आला नाही, आणि जो आला असता तो खोटाही नसता.

त्यांनी शिकवण्या काढून पाहिल्या. पेपर फोडणाऱ्याकडे कोण पोरं पाठवणार? जिन्यात आयाबाया मुलांना हाताला धरून बाजूला घ्यायच्या. महिन्याभरात त्यांनी खोली विकली आणि कणकवलीकडे पुतण्याच्या आसऱ्याला गेले. दीड वर्षानं ते वारल्याची बातमी आली.

मुलुंड सोडायच्या आदल्या रविवारी दुपारी ते आमच्या दारात उभे होते. आंघोळ केलेली, धुतलेला शर्ट.

"वहिनी, तुमच्याकडे पोथी आहे ना? स्यमंतक मण्याची?"

चवथीचा चंद्र दिसलाच तर ही गोष्ट ऐकतात, म्हणजे आळ जातो, असं मानतात. मला वाटलं सर थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते. म्हणाले, "माझा विश्वास नाही. पण आता दुसरं काही उरलं नाही."

सासूबाईंनी पाट मांडला. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून वाचायला मी बसले. मणी हरवतो, कृष्णावर चोरीचा आळ येतो, तो माग काढत जंगलात जातो, अस्वलाच्या गुहेतून मणी आणून भर सभेत ठेवतो. आळ घेणारा सत्राजित सगळ्यांदेखत खाली मान घालून उभा राहतो. हे सगळं मी वाचलं. माझा आवाज एकदाही कापला नाही. सर मांडी घालून, हात जोडून, शाळकरी पोरासारखे ऐकत होते.

सासूबाईंनी त्यांच्या हातावर साखर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "शाळेतल्या कुणी दार उघडलं नाही मला. तुम्ही उघडलंत."

मी तोंड उघडलं. म्हटलं, "चहा टाकू?"

सर चहा प्यायले, कप स्वतः विसळून मोरीत पालथा घातला आणि गेले.