स्वस्त तिकिटाचा कस

दहावीचा निकाल लागला आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन कलकत्त्याला निघाले. कडेगावच्या स्टँडवर आई एसटीच्या खिडकीशी उभी होती. रडत नव्हती, भाकरीचं गठुडं सारखं आत ढकलत होती. "उतरलास की पत्र टाक रं," एवढंच म्हणाली. कऱ्हाडात एक गाडी, पुण्यात दुसरी, मग दोन रात्री नुसता खडखडाट. पोचलो तेव्हा भाकरी वाळून कडक झाल्या होत्या. त्या चहात बुडवून खाल्ल्या.

आमचा धंदा गलाईचा. सोनारांचं जुनं, भेसळीचं सोनं मुशीत वितळवून शुद्ध करून द्यायचं. याच कामापायी आमच्याकडची गावंच्या गावं देशभर पांगली. तुम्हीही कोइमतूरला असाल, गुवाहाटीला असाल, नाहीतर गावातच कुणाची तरी वाट बघत असाल. या धंद्यात माणूस सगळ्यात आधी संशय शिकतो. "स्वस्त दिसलं की आधी कस लाव," हा आण्णांचा पहिला धडा. कसोटीच्या दगडावर अस्सल सोन्याची एक रेघ ओढायची, शेजारी आलेल्या मालाची. दोन रेघा शेजारी आल्या की खोटं लपत नाही.

आज्जा गेला तेव्हा आण्णा रेल्वेनं तिसऱ्या दिवशी पोचले. सगळं उरकलं होतं. "आपल्या नशिबात माती न्हाई, राख हाय," असं ते परत आल्यावर भट्टीपुढं बसून म्हणाले. तुमच्यापैकी कितीतरी घरांत हेच झालंय.

म्हणून स्वस्त विमानं सुरू झाल्यावर मला बरंच वाटलं, पण विश्वास बसला नाही. एवढ्या पैशात विमान उडतंच कसं? मग हळूहळू कळत गेलं. ते तिकीट म्हणजे भेसळीचा दागिना आहे, मुशीत घातलं की घट निघते. खिडकी हवी तर पैसे, बॅग जड झाली तर पैसे, पाणी प्यायचं तरी पैसे. गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीत. विमानतळावर पोचल्यावर मोबाईलवर मेसेज येतो, तांत्रिक कारणामुळे उड्डाण पुढे ढकललं आहे. कसलं तांत्रिक? काउंटरवरची मुलगी गोड हसते आणि सॉरी सर म्हणते. एवढं गोड कुणी हसलं की मी खिसा चाचपतो.

पण खोट नुसती विमानात नाही, आमच्यातही आली. रेल्वे होती तेव्हा आम्ही जत्रेला महिनाभर गावी जायचो. आता 'काय, कधीही जाता येतं' असं म्हणतो आणि वर्ष निघून जातं. जातो ते कुणाचं तरी शेवटचं आलं म्हणून, मिळेल त्या भावाचं तिकीट काढून. गावानंही ते ओळखलंय. कुणी मधेच विमानानं आला की लोक आधी विचारतात, कोण गेलं?

हे माहीत असूनही यंदा मी चुकलो. सेल लागला होता, दोन महिने पुढचं तिकीट काढून टाकलं. जत्रा नाही, लग्न नाही, काही नाही. घरी कळवलं नाही, कारण विमानाचा भरवसा काय? ते रद्द झालं असतं आणि आई स्वयंपाक करून बसली असती.

धंदा माझ्यावर सोपवून आण्णा केव्हाच गावी परतले होते. दारात उतरलो तेव्हा ते सोप्यात शेंगा फोडत होते. मला बघून त्यांचा हात थांबला.

"कुणी फोन केला तुला?"

"कुणी न्हाई. सहज आलो."

"इमानानं? सहज?"

आदल्याच आठवड्यात कऱ्हाडच्या डॉक्टरनं त्यांची छाती तपासली होती. काळजीचं काही नाही असं तो म्हणाला होता, पण त्यावर आण्णांचा विश्वास नव्हता. त्यात शेजारचे शिवानाना आले, मला रामराम घातला आणि आण्णांकडे फार मायेनं बघून गेले. झालं. आण्णा आईवर उखडले. "तुमा समद्यास्नी ठावं हाय. मलाच सांगत न्हाईसा."

"आवं, काय ठावं हाय?" आईला रडू फुटलं. "मलाच कळंना ह्यो का आला."

मी म्हणालो, "आवं आण्णा, सेल लागला हुता."

"माणूस काय लुगडं हाय व्हय, सेलमधी यायला?"

ताट पुढं आलं, ते त्यांनी सारलं. मी आलो म्हणून हा माणूस मरायच्या तयारीला लागला होता. जरा वेळानं त्यांनी चष्मा मागितला.

"तिकीट दाखव."

मी मोबाईल पुढं धरला. त्यांनी भाव वाचला, तिकीट काढल्याची तारीख वाचली. "आन् आज काढलं तर?" आजचा भाव काढून दाखवला, कितीतरी पट होता. आण्णा एकदा हे बघत होते, एकदा ते, दगडावरच्या दोन रेघा बघावं तसं.

"हे तर लय आधी काढलंयस. तवा माझी छाती कुणी बघितलीबी नव्हती."

"व्हय."

"मरायला टेकलेल्या माणसाकडं एवढ्या स्वस्तात कोण येत न्हाई." ते उठले, हात धुतले आणि आईला म्हणाले, "वाढ गं. पोराला उपाशी ठेवलंयस."

निघताना स्टँडवर तेही आले. एसटीच्या खिडकीचा गज धरून म्हणाले, "संपत, म्हागाचं तिकीट काढायची येळ येईल तवा येईल. तवर असंच स्वस्तातलं बघून येत जा."

पस्तीस वर्षं कलकत्त्यात काढली. पोरं बंगालीत भांडतात, मीही भावात घासाघीस बंगालीतच करतो. घर कुठलं, म्हणून विचारलं तर मला चटकन सांगता येत नाही. पण जिथं काही कारण नसताना जावंसं वाटतं, ते घर, एवढं यंदा कळलं. विमानकंपनीवर माझा अजूनही काडीचा विश्वास नाही. तरी परवा सेल लागला आणि पुढचं तिकीट काढलं.

या वेळी मात्र आण्णांना लगेच फोन करून कळवलं. आधी भाव सांगितला, मग तारीख.